सेल्फ उचलत नाही म्हणून लगेच बॅटरीच का बदलायची?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत थंडीत गाडी सुरू होत नसेल तर काय करावं यावर एक चौकट आली होती, त्यात पहिलाच सल्ला 'बॅटरी बदला', म्हणून लिहून राहिलो. मी एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालो, आता वरूडकडे संत्र्याच्या बागेत असतो, पण गावातले पोट्टे गाडी अडली की अजूनही बोलावतात. आणि आमच्याकडे सध्या काय चालू आहे, तर सकाळी सेल्फ मारला, गाडी कुथली, की लगेच तालुक्याला फोन. दुकानवाला नवी बॅटरी घेऊन येतो, बसवतो, जुनी उचलून नेतो, तिच्यातल्या शिशाचे पैसे पण त्यालाच, अन मीटर लावून पाहायचं नाव नाही.

थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं, हे बरोबरच आहे. पण आपल्या विदर्भात बॅटरीची वाट लावतो तो मे महिना. ४५ डिग्रीच्या उन्हात बॉनेटखाली ती भाजून निघते, पाणी उडतं, आतल्या प्लेटा खराब होतात, अन मग डिसेंबरात पारा ८-१० वर आला की ते उघडं पडतं. मारते ऊन अन नाव थंडीचं. त्यामुळे झाकणवाली बॅटरी असेल तर पाणी तपासायचं ते एप्रिल-मे मधे, टाकायचं फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं नाही, आणि वरून ॲसिड टाकून देतो म्हणणाऱ्याला तर हातच लावू देऊ नका.

पहिले कान द्या भाऊ. चावी फिरवल्यावर इंजिन हळूहळू, रडल्यासारखं फिरतं का, नुसतं टकटकटक वाजतं का, एकच टक होऊन शांत होतं का, की सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडतच नाही, हे चार वेगवेगळे रोग आहेत. शेवटच्या प्रकारात बॅटरीचा काही दोष नाही, सेल्फ जोरात फिरवून राहिली म्हणजे ती ठीकच आहे. मग पेट्रोल गाडी असेल तर चावी ऑन करून मागच्या सीटखाली दोन सेकंद टाकीतल्या पंपाची घूंऽ येते का ते ऐका, नसेल येत तर फ्यूज, रिले (पंपाला करंट सोडणारा स्विच) अन पंप तपासा. डिझेल असेल तर हीटरचा पिवळा लाइट विझेपर्यंत थांबा, सकाळी सुरू व्हायला त्रास, पांढरा धूर, अन एकदा गरम झाली की दिवसभर काही नाही, अशी गाडी असेल तर बहुतेक हीटर प्लग गेलेले असतात. फिल्टरमधे पाणी, लाइनमधे एअर, हेही डिझेलचेच. आणि बागेतल्या शेडमधे गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून वायरी पाहा, उंदीर कधी सोडत नाही.

आता हळू फिरणं आणि टकटक. यात बॅटरी असू शकते, पण टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तरी हेच होतं, आणि ती साफ करायला गरम पाणी अन खायचा सोडा पुरतो. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो, गावात एकाकडे असला तरी पुरे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर उतरलेली, पण उतरलेली म्हणजे मेलेली नाही, आधी पूर्ण चार्ज करून पाहा. सेल्फ मारताना भरलेल्या बॅटरीचा काटा साडेनऊच्या खाली गेला तर मग बॅटरीवर संशय घ्या. आणि गाडी सुरू असताना पावणेचौदा ते साडेचौदा यायला पाहिजे, १२ वरच अडकला असेल तर डायनामो चार्ज करत नाही, तुम्ही कितीही नव्या बॅटऱ्या घाला, त्या पण उतरणारच.

माझ्या पुतण्याच्या जुन्या डिझेल गाडीचं असंच. नवी बॅटरी बसवून दिली होती अन तरी सकाळी टकटक. टर्मिनल चकाचक, मीटरवर १२.६. मग जम्परची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या जाड वायरींची) एक वायर बॅटरीच्या मायनसवरून सरळ इंजिनच्या लोखंडाला लावली अन सेल्फ मारायला सांगितला, भर्रकन सुरू झाली. म्हणजे करंट परत जायचा रस्ताच खराब. खाली वाकून पाहिलं तर इंजिन अन चेसीच्या मधली अर्थ पट्टी, बोल्टखाली हिरवी पडलेली, अर्ध्या तारा तुटून लोंबकळत होत्या. पट्टी बदलली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासली, झालं. हजारो रुपयांची बॅटरी फुकट गेली नाही म्हणा, पण तेव्हा गरज नव्हती ना तिची. अर्थ तपासणं कोणी करत नाही, काहून की त्यात दुकानात विकण्यासारखं काहीच नाही.

म्हणून वाचकांना एवढंच सांगा की बॅटरी घेताना रीडिंग डोळ्यासमोर घ्यायला लावा, बंद गाडीचं, सेल्फ मारतानाचं अन चालू गाडीचं, तिन्ही बिलावर लिहून मागा. दुकानवाला चिडला तर दुसरं दुकान बघा.

आणि एक राहिलं, पुरवणीत जम्प स्टार्टची माहिती होती पण हे नव्हतं. ट्रॅक्टरवरून कारला जम्प दिली तर चालते, दोन्ही १२ व्होल्ट. पण हायवेवर लोक थांबलेल्या ट्रकला हात करतात, मोठ्या ट्रकमधे अन बसमधे २४ व्होल्ट असतात, त्यावरून वायर जोडली तर कारचा कॉम्प्युटर जळू शकतो, मग बॅटरीपेक्षा कितीतरी मोठं बिल. पत्र लांबलं, जागा नसेल तर वरचं कापा, हे ट्रकचं तेवढं छापा.

आपला,
एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती