शेवाळाची पूड आणि माझा आयएनआर

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत समुद्री शेवाळावरचा लेख वाचला. शेवाळ हृदयाला कसं चांगलं, हे छान समजावलं होतं, खाली दोन पाककृतीही होत्या. पण ज्यांचं हृदय आधीच दुरुस्त करून घेतलेलं आहे, त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. आणि 'हृदयासाठी' असं छापलं की पाकीट विकत घ्यायला पहिले आम्हीच धावतो.

मी कदंबचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेचा निवृत्त वाहक. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याचं व्याज 2011 साली फेडलं. त्या तापाने बिघडलेली हृदयातली मायट्रल झडप काढून धातूची बसवली. रात्री पंखा बंद असला की तिची टिकटिक मला ऐकू येते, हिलाही येते. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रोज वॉरफरिन, ही रक्त पातळ करणारी गोळी. (ही आधी उंदीर मारायला वापरत, माणसांना 1954 पासून देऊ लागले, हे डॉक्टरांनीच हसत सांगितलं.) रक्त किती पातळ झालंय ते बघायला महिन्याला आयएनआर ही रक्ततपासणी; आकडा खाली गेला की गुठळीची भीती. माझा आकडा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरायची सवय जात नाही, त्यामुळे प्रत्येक आकडा तारखेसह वहीत उतरवतो.

मार्चमध्ये मुंबईहून भाचा आला तो पाकीट घेऊनच. "मामा, जपानी लोक हेच खातात." हिरवीगार पूड, सकाळच्या पेजेत दोन चमचे. ओहोटीला खडकांना येतो तसला वास, पण तोरांचं लोणचं तोंडी लावलं की पेज उतरायची घशाखाली. हिने पहिल्याच दिवशी हात जोडले. बरंच झालं, कारण तिची थायरॉईडची गोळी चालू आहे आणि शेवाळात आयोडीन भरपूर. माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. कोम्बू नावाच्या जाड शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट निघू शकतं.

आता वही. फेब्रुवारी 2.8, मार्च 2.9, एप्रिल 1.6.

डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? एका तिकिटाचा हिशेब लागला नाही तर मला झोप लागत नसे, मी गोळी कुठली चुकवणार! मग म्हणाले, नवीन काही खाताय? मी 'नाही' म्हणून मोकळा झालो. पूड हे खाणं असतं, हे डोक्यातच आलं नाही. शेवटी हीच बोलली, "ती हिरवी भुकटी सांगा की."

झालं होतं ते असं. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं आणि वॉरफरिन नेमकं त्याचंच काम अडवते. वाळवलेल्या शेवाळात हे जीवनसत्त्व चांगलंच असतं. म्हणजे मी रात्री गोळी घेत होतो आणि सकाळी पेजेतून तिच्यावर पाणी ओतत होतो. तांबड्या भाजीतही ते असतं, पण ती मी सोडलेली नाही. डॉक्टरांचं सांगणंच तसं आहे: पालेभाजी खा, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच. घोळ होतो तो असं काही एकदम सुरू केलं की. पूड बंद केली, गुठळी धरू नये म्हणून आठ दिवस पोटात इंजेक्शनं टोचून घेतली, मे महिन्यात 2.7 आला. अँजिओप्लास्टी होऊन नुसती अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांना ही भानगड नाही. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांनाही हे पथ्य नसतं, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

शेवाळाला मी नावं ठेवत नाही. जपानमध्ये हजारो लोकांची वर्षानुवर्षं पाहणी करून 2019 साली एक अभ्यास छापून आला. जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा आजार कमी दिसला, पक्षाघातात मात्र फरक दिसला नाही. पण ते लोक लहानपणापासून सूपातून, भाताबरोबर खात आलेले. पासष्टीला पेजेत पूड ढवळणं वेगळं. आणि शेवाळ आपणही खातोच की. उन्हाळ्यात दुधात घालतो तो चायना ग्रास लाल शेवाळापासूनच काढतात. माझ्या आकड्याला त्याने कधी धक्का लावला नाही.

लेखात आणखी एक वाक्य होतं, की हे आपल्या किनाऱ्यावर फुकट मिळतं. मिळतं, हरमलच्या खडकांवर मीही पाहतो. आमचे आजोबा वाहून आलेलं शेवाळ माडाच्या आळ्यात टाकायचे, ताटात कुणी वाढलेलं आठवत नाही. आज त्यातलं हिरवं शेवाळ सांडपाण्याचा ओहोळ समुद्राला मिळतो तिथेच जास्त माजतं आणि पाण्यातले जड धातूही शोषून घेतं. पावसाच्या तोंडावर वाळूत डांबराच्या गोळ्या येतात, त्या वेगळ्याच. वाचक पिशवी घेऊन तिथे गेला तर?

भाच्याचं पाकीट मी भिंग घेऊन वाचलं. पुढे लालभडक हृदय, मागे मुंगीएवढी अक्षरं, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा उल्लेख कुठेच नाही. कंपनीला पत्र टाकलंय, अजून उत्तर नाही. तुम्हाला मात्र एवढंच सांगणं: पुढच्या वेळी वॉरफरिनवाले, थायरॉईडवाले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, अशा दोन ओळी चौकटीत टाका. जागा अपुरी पडत असेल तर एक पाककृती गाळा.

आपला,
कदंबचा एक निवृत्त वाहक, मांद्रे, पेडणे