ओंकारबद्दल, दादास

लीड्स, ९ जुलै

ती. दादास सा. न.

परवा फोनवर तू म्हणालास, "ओंकार हल्ली वेगळंच बोलतो. वय आहे, जाईल." तेव्हापासून झोप नाही.

मी राहते तिथून बीस्टन जवळ आहे. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं. ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये स्फोट करणाऱ्या चौघांतले दोघे तिथे वाढले. ५२ माणसं मेली. इथल्या लोकांना अजून उलगडत नाही, कारण ती पोरं गुंड नव्हती. तन्वीर २२ वर्षांचा, खेळशास्त्र शिकलेला. आदल्या संध्याकाळी तो पार्कात क्रिकेट खेळत होता.

म्होरक्या सिद्दीक खान ३० वर्षांचा. प्राथमिक शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना सांभाळायचं काम करायचा, मुलांचा लाडका. पोरांना व्यायामशाळेत न्यायचा, सहलीला न्यायचा. ज्याच्याशी मन मोकळं करावं असा मोठा भाऊच. दादा, सुरुवात बॉम्बपासून होत नाही. सुरुवातीला मुलाला कोणीतरी आपलं म्हणतं. मग आपली माणसं कशी मरताहेत ते दाखवतं, त्याचा राग खरा असतो. आणि मग त्या रागाला शत्रू नेमून देतं.

सगळ्यात धाकटा हसीब, १८ वर्षांचा. शाळेच्या वहीवर त्यानं अल कायदाचं नाव लिहिलं होतं. त्या सकाळी बाकी तिघांनी भुयारी रेल्वेत स्फोट केले. त्यानंतर जवळजवळ तासभर हा पाठीवर बॉम्ब घेऊन किंग्ज क्रॉसच्या आसपास एकटा फिरत होता आणि त्या तिघांना फोन लावत होता. ते केव्हाच मेले होते. मग ३० नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर मागे जाऊन बसला. टॅव्हिस्टॉक चौकात त्यानं १३ जणांना मारलं. तिथल्या बागेत गांधीजींचा पुतळा आहे, मी पाहिलाय.

त्याच रात्री दहा वाजून गेल्यावर घरच्यांनी पोलिसांना फोन केला. आमचा मुलगा लंडनला गेलाय, अजून आला नाही. तो जखमींत असेल या काळजीनं. त्या आईचा विचार मनातून जात नाही.

हे 'त्यांच्यात' होतं असं म्हणू नकोस, दादा. ओंकार ज्या 'भाऊं'चं नाव घेतो, ज्यांच्याकडे रात्री जातो, त्यांची भाषा तूच मला ऐकवलीस. 'त्यांना धडा शिकवायला हवा', हे वाक्य आपल्या घरातलं नाही. आणि इम्रान, ज्याच्या आईच्या हातचा शिरखुर्मा खाऊन हा मोठा झाला, त्याच्याशी बोलणं बंद? कशावरून, हे तू विचारलंस का?

मला एकच सांग. उद्या ओंकार अडचणीत आला तर पहिला फोन कोणाला लावेल? तुला, की त्या भाऊंना?

त्याला मारू नकोस, मोबाइल हिसकावू नकोस. त्यानं तो आणखी त्यांच्याकडे जाईल. रोज जेवण झाल्यावर त्याच्या खोलीत जाऊन बस. पहिले काही दिवस तो बोलणार नाही, तरी बस. ते भाऊ कोण, काय करतात, स्वतः जाऊन बघ. हत्यार, मारामारी असं काही कानावर आलं तर अब्रूचा विचार न करता पोलिसांत जा. मी दिवाळीची वाट बघत नाही, गणपतीलाच येते.

वहिनींना हे वाचायला दे. आणि ओंकारला म्हणावं, आत्या विचारत होती, इम्रानची बॅट अजून आपल्याच दारामागे आहे का?

तुझी,
सुमा