तुझ्या दारच्या चिंचेची रोपं

पुणे, २२ जून

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना तुमच्या दारची चिंच पाडली, तेव्हा तू फोनवर फार बोलला नाहीस. त्याच्या आधी शिमग्याला मी आलो होतो. वहिनींनी दिलेली चिंच फोडल्यावर चोवीस चिंचोके निघाले, ते मी ठेवून दिले होते. त्यांतली सात रोपं आज माझ्या गच्चीवर आहेत, दिनू. त्यांची बोन्साय करायची आहेत, म्हणजे छाटून लहान ठेवलेली, उथळ ट्रेमधली झाडं. काल त्यांच्या कुंड्या बदलल्या.

पहिले दहा चिंचोके मी वाया घालवले, हे मला अजून लागतं. बोन्साय म्हणजे उथळ ट्रे एवढंच डोक्यात होतं, म्हणून थेट ट्रेमध्येच पेरले. उगवले छान. पण चिंचेचं सोटमूळ सरळ खाली धावतं. ते तळाला अडून गोल फिरलं. मेच्या उन्हात ती दोन इंच माती दुपारीच कोरडी पडायची. एकही रोप वाचलं नाही, आणि तोवर झाड पडलं होतं. आणखी चिंचोके मिळणार नव्हते.

आधी झाड वाढू द्यायचं, खोड भरू द्यायचं; ट्रेची पाळी काही वर्षांनी येते. 'बोन्सायचं बी' म्हणून पाकिटं विकतात, पण तसं वेगळं बी नसतंच. वडाच्या बियांतून वडच येतो, त्याला लहान ठेवते ती छाटणी.

उरलेले चौदा मी शहाबादी फरशीवर घासले, लहानपणी आपण फासे करायला घासायचो तसेच. फक्त एका कडेला, आतलं पांढरं दिसेपर्यंत. रात्रभर पाण्यात ठेवले. फुगले तेवढेच दह्याच्या डब्यांना भोकं पाडून अर्धा इंच खोल लावले. आठवड्याभरात माती उचलून चिंचोक्याची जाड दलं, म्हणजे त्याचे दोन अर्धे भाग, वर आली. संध्याकाळी पानं मिटतात, तेव्हा मी मुद्दाम गच्चीवर जातो. तुमच्या झाडाखाली इतकी वर्षं खेळलो, पण त्याची पानं मिटताना मी कधी पाहिली नव्हती. फार उंच होती.

काल सकाळी आभाळ भरलेलं होतं, म्हणून काम काढलं. डबा उलटा करून रोप अलगद काढलं, बांबूच्या काडीने माती मोकळी केली आणि सोटमूळ अर्ध्याहून जास्त कापलं. पहिल्याला कात्री लावताना हात थरथरला. पण ते कापल्याशिवाय बाजूची मुळं जोर धरत नाहीत, आणि पुढे उथळ ट्रेमध्ये झाडाला तीच सांभाळतात. रोपाखाली कौलाचा सपाट तुकडा ठेवला, मुळं त्यावर चहूकडे पसरली. वर चाळलेला विटांचा चुरा, पोयटा आणि थोडं जुनं शेणखत. विटांचा चुरा जास्तच घेतला. पावसात पाणी साचलं की मुळं कुजतात. मग कुंड्या पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवल्या. आता तीन आठवडे सावली, महिनाभर खत नाही.

सातांतलं एक जमिनीपासूनच जरा वाकडं आहे, तुमच्या झाडाची झोपाळ्याकडची फांदी झुकली होती त्याच बाजूला. ते तुझं. गणपतीत येशील तेव्हा घेऊन जा, तोवर मुळं धरतील. एसटीत मांडीवर घेऊन बस, पिशवीत घालू नकोस. घरी गेल्यावर ट्रेमध्ये लावायची घाई करू नकोस. मागच्या अंगणात जमिनीतच लाव, खोड अंगठ्याएवढं झालं की मला बोलव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण