मे महिन्यात तळं कुठे जातं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला तळ्याकाठच्या आधुनिक घराचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा चहा गार झाल्यावर. लेखकमहाशयांनी काही सांगायचं बाकी ठेवलेलं नाही. काच किती जाडीची घ्यावी, डेकला लाकूड कुठलं, ओटा स्वयंपाकघराच्या मधोमध कसा शोभतो, सगळं आहे. फक्त त्या तळ्यातलं पाणी कुठे जातं, एवढं राहून गेलं. ते मी सांगते, कारण ते कळायला आम्हाला दीड लाख रुपये पडले.

आठेक वर्षांपूर्वी ह्यांच्या निवृत्तीचे पैसे आले आणि आमच्याही डोक्यात हेच खूळ शिरलं. शहापूर तालुका, भातसा धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्याचा काठ, अकरा गुंठे. एजंट त्याला ‘वॉटर टच’ म्हणत होता. जागा पाहिली ऑक्टोबरात. शेतात भात पिकलेला, बगळे बसलेले, पाणी अगदी बांधापर्यंत. हे तर परत निघायलाच तयार नव्हते. ‘मॅडम, दोनच प्लॉट राहिलेत’ हे ऐकून मी, बँकेत बत्तीस वर्षं दुसऱ्यांची कागदपत्रं तपासलेली बाई, तिथल्या तिथे विसार देऊन मोकळी झाले. विसारपावती अजून कपाटात आहे.

आमचा भाचा वास्तुरचनाकार. त्याने हौसेने नकाशा काढला. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, वर सपाट स्लॅब आणि पुढे पोहायचा तलाव. तळ्यासमोर तलाव! शहापूरच्या पावसात सपाट स्लॅब टिकेल का, असं मी विचारलं तर म्हणाला, ‘मावशी, वॉटरप्रूफिंग नावाची गोष्ट असते.’ गावातली सगळी घरं उतरत्या छपराची का, हे त्याला कुणी शिकवलं नसावं. तुमच्या लेखातल्या चित्रातही छप्पर सपाटच आहे.

तर मे महिन्यात नकाशा घेऊन आम्ही तिथे गेलो. पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण चारेकशे पावलं खाली, एक मळकट पट्टा. मधे सगळा चिखल वाळून भेगाळलेला, एवढ्या रुंद भेगा की ह्यांच्या काठीचं टोक आत अडकलं. फाटकं जाळं, एक चप्पल, बुंधे. मी हातातला नकाशा उलटसुलट करून बघत होते. डोक्यावर रिकामा हंडा घेऊन एक बाई चालली होती, ती थांबली.

‘काय हरवलं का बाई?’

ह्यांनी सांगितलं, पाणी बघतोय.

‘पाणी मुंबईला गेलं. गणपतीत या.’

एवढं बोलून ती टँकरच्या रांगेकडे निघून गेली. धरण डोळ्यांसमोर आणि पाणी टँकरचं, ही शहापूरची दर उन्हाळ्याची गोष्ट आपल्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येते. पुरवणीवाले ती वाचत नसावेत.

मुंबईला म्हणाली ती, पण त्यातलं ठाण्यालाही येतं. पिसे बंधारा आणि टेमघरचं जलशुद्धीकरण केंद्र यांमार्गे आपल्या नळांना येणारं पाणी भातसाचंच. म्हणजे जे तळं मी काचेतून बघत बसणार होते, ते मीच इथे नौपाड्यात रोज सकाळी अंघोळीला वापरून संपवत होते. आणि मुलांना शाळेची सुट्टी असते मे महिन्यातच, म्हणजे घर वापरायचं तेव्हाच तळं गायब. सुट्टीच्या घराला याहून चांगला मुहूर्त कुठला?

पुढचं थोडक्यात. परत येताना तलाठ्याकडून सातबारा काढला, जो आधी काढायला हवा होता. ह्यांच्या नावावर संगमेश्वराकडे वडिलोपार्जित शेती आहे, त्यामुळे १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३चा, बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्याचा, प्रश्न आम्हाला नव्हता. पण सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं स्वच्छ लिहिलेलं, आणि इतर हक्कांत शेरा: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी. धरणात ज्यांची शेतं बुडाली त्यांतल्या एका कुटुंबाला मिळालेली जमीन ती. एजंटला विचारलं तर म्हणे, ‘ते होऊन जातं.’ विसार परत मागितला तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. त्याला दोष देते, पण निम्माच. उरलेला निम्मा माझा.

तुमचे लेखक म्हणतात की शेतजमिनीवर छोटंसं घर बांधायला फारशी अडचण येत नाही. अहो, शेतघरालासुद्धा निदान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एकर जमीन लागते. अकरा गुंठ्यांत फार तर कोंबड्यांचं खुराडं बसेल. हे वाक्य लेखकाचं की शेजारच्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीचं, हे कळायला मार्ग नाही. दोन्हींचा टाईप सारखाच आहे. जाहिरात असेल तर वर बारीक अक्षरात का होईना, तसं छापा.

आणि हो, ‘ठाण्याहून अवघ्या एका तासावर’. माझी लेखकांना मनापासून विनंती आहे की त्यांनी एखाद्या शनिवारी सकाळी ठाण्यातल्या माजिवड्याहून निघावं आणि वाटेतल्या पडघ्याला पोचल्यावर घड्याळ बघावं. माणकोली, रांजणोली या वाहतूककोंडीच्या नाक्यांचा लेखात उल्लेखच नाही. हेलिकॉप्टरने गेले असतील तर गोष्ट वेगळी.

लोकांनी घरं बांधू नयेत असं मला म्हणायचं नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी जरूर बांधावीत, आमचं जमलं नाही म्हणून मी जळतेय असंही खुशाल समजा. पण जागा बघायला मे महिन्यात जा, एवढं एक वाक्य त्या दोन पानांत मावलं असतं. स्नानगृहातल्या दगडी टबाला तुम्ही अख्खा परिच्छेद दिलाय.

आम्ही आता संध्याकाळी तलावपाळीला जातो. तिथल्या मासुंदा तलावाला निदान मे महिन्यातही पाणी असतं. बसायला बाक मात्र मिळत नाही.

– एक जुनी वाचक (निवृत्त बँक कर्मचारी), नौपाडा, ठाणे (प.)

ता. क. शब्दकोड्याचे चौकोन गेल्या महिन्यापासून एवढे लहान केले आहेत की ह्यांना भिंग घ्यावं लागतं. पुरवणीतल्या त्या काचेच्या घराचा फोटो थोडा आखडता घेतला असता तर जागा झाली असती.