आकडा न सांगणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे तोंडावर बोलायला गेलो असतो तर दुसऱ्या वाक्यालाच तुम्ही "बरं बरं, आधी टार्गेट बदलून ये" म्हणून मला पिटाळलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितोय. काडतुसात गोळी किती खोल बसवायची याचं हे पुराण, काडतुसं घरी भरणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं, तर तुमचीही हरकत नसावी.

आपली ओळख माझ्या फजितीतून झाली. माझी .३०८ विंचेस्टर रायफल बेंचवर होती आणि डब्यात चाळीस काडतुसं, सगळ्यांत गोळी लँड्समध्ये १० थाऊ रुतेल अशी बसवलेली. निदान माझी समजूत तशी होती. (नव्या वाचकांसाठी: थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि लँड्स म्हणजे नळीतल्या रायफलिंगचे उंच कडे, जिथे गोळी पहिल्यांदा टेकते.) गोळी आधीच रायफलिंगला टेकलेली असली की सरळ सुटते, असं कुठेतरी वाचलं होतं. ती लांबुडकी काडतुसं मॅगझिनमध्ये मावत नव्हती, तर एकेक हाताने भरत होतो. त्यातलं एक भरून बोल्ट बंद केला आणि तेवढ्यात गोळीबार थांबवायची सूचना झाली. बोल्ट मागे ओढला. केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, बाहेर आली, गोळी आली नाही. ती नळीतच अडकून राहिली आणि केसमधली बंदुकीची दारू सगळ्या ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट सरकतो त्या भागात, सांडली. बोल्टच्या खाचांत, मॅगझिनच्या पोकळीत, ट्रिगरच्या फटीत ते करडे दाणे घुसलेले. मी फुंकर मारायला वाकलो, तर तुम्ही शेजारच्या बेंचवरून शांतपणे म्हणालात, "फुंकू नकोस, अजून आत जातील. बोल्ट काढ."

मग तुम्ही नळीच्या तोंडाकडून क्लीनिंग रॉड घालून दोन हलक्या टिचक्यांत गोळी मागे पाडलीत आणि ती माझ्या हातावर ठेवलीत. तिच्या खांद्यावर चार बारीक चौकोनी ओरखडे होते. ते बघत तुम्ही विचारलंत, "लँड्स कुठे आहेत, हे मोजलंस की वाचलंस?"

वाचलं होतं. माझ्याच मॉडेलची रायफल असलेल्या कुणीतरी आपली लांबी लिहिली होती, तीच मी डायवर, म्हणजे केसमध्ये गोळी दाबून बसवणाऱ्या साच्यावर, लावली होती.

त्या दिवशी मी तुमच्याकडे तुमचा आकडा मागितला. तुमचीही .३०८, गोळी तीच १६८ ग्रेनची. तुम्ही दिला नाहीत. मला राग आला होता, आज कबूल करतो. म्हातारा हातचं राखून ठेवतोय असं वाटलं. माफ करा.

पुढच्या रविवारी तुम्ही माझ्याच डब्यातल्या दहा गोळ्या कॅलिपरने मोजायला लावल्यात, बुडापासून टोकापर्यंत. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांत १७ थाऊंचा फरक निघाला. मग कॅलिपरला कंपॅरेटर लावलात, म्हणजे तो भोकाचा तुकडा, जो गोळीच्या वळणावर, ओजाइव्हवर टेकतो. त्याच दहा गोळ्या, आता फरक २ थाऊ. मॅच गोळीचं, म्हणजे स्पर्धेसाठीच्या गोळीचं, उघडं टोक कारखान्यातून वेडंवाकडंच येतं, आणि ते लँड्सना कधी शिवतही नाही. शिवतं ते वळण. मी मात्र टोक धरून हजारावा भाग साधायला निघालो होतो! तुम्ही आकडा का दिला नाहीत तेही तेव्हा कळलं. तुमच्या नळीचा थ्रोट, म्हणजे लँड्स सुरू होतात तो भाग, वेगळा; तुमच्या कंपॅरेटरचं भोक वेगळं. तुमचं माप माझ्या वहीत लिहून काय उपयोग?

लँड्स शोधायची तुमची पद्धत मी आता दोघांना शिकवली आहे. बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढायचे. आधी रिकामी, साइझ केलेली (डायमधून काढून मूळ मापाला आणलेली) केस घालून हँडल सोडून बघायचं. ते आपल्या वजनानं खाली पडलं पाहिजे, नाहीतर केसच अडते आहे आणि पुढचं मोजमाप फुकट. मग दारू-प्रायमरशिवायच्या केसमध्ये गोळी मुद्दाम बाहेर ठेवून तेच करायचं. हँडल मधेच थबकतं. डाय जराशी खाली, २ थाऊ, पुन्हा. थबकतं. पुन्हा २. मी घाईनं बोटानं दाबत होतो आणि तुम्ही दर वेळी माझं बोट बाजूला करत होतात. अकराव्या की बाराव्या वेळी हँडल सुटं पडलं, टक्. तो आवाज मी विसरणार नाही. त्या मापानं बघितलं, तर माझी "१० थाऊ आत" असलेली काडतुसं प्रत्यक्षात २४ थाऊ आत होती. गोळी नळीत राहिली नसती तरच नवल.

दाबाचं तुम्ही फार थोडक्यात सांगितलंत, पण मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गोळी लँड्सना टेकली की तिला धावायला जागाच उरत नाही, सुरुवातीलाच अडथळा, त्यामुळे दाब चढतो. आणि खूप खोल बसवली तर केसमधली जागा कमी होते, तरी दाब चढतो. मोठ्या रायफल केसमध्ये हा दुसरा परिणाम सौम्य, पण ९ एमएमसारख्या छोट्या पिस्तुली केसमध्ये थोडंसं खोल जाणंही महागात पडतं. म्हणून खोली बरीच बदलली, किंवा गोळी लँड्सकडे नेली, की दारू कमी करून पुन्हा पायरीपायरीनं वर यायचं. त्या दिवशी ती चाळीसच्या चाळीस काडतुसं तुम्ही माझ्याकडून पुलरनं, म्हणजे गोळी उपसायच्या अवजारानं, उघडून घेतलीत. हात दुखले. पण एकही वाजवू दिलं नाहीत, हे बरं केलंत.

मग चाचणी. मी ३ थाऊंच्या पायऱ्यांचा तक्ता करून आणला होता, पायरीला तीन गोळ्या. तुम्ही तो बघितलात, घडी घातलीत आणि बेंचच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलीत. तीन गोळ्यांचा ग्रूप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) म्हणजे निव्वळ नशीब, म्हणालात. त्याऐवजी बर्गर कंपनी आपल्या व्हीएलडी (हवेचा अडथळा फार कमी होणाऱ्या, लांब निमुळत्या) गोळ्यांसाठी सुचवते तशा मोठ्या उड्या घ्यायला सांगितल्यात. त्यांच्या क्रमात पहिली पायरी लँड्समध्ये १० थाऊ, मग लँड्सपासून मागे ४०, ८० आणि १२०. आत जायची पायरी तुम्ही माझ्यासाठी गाळलीत (एकदा दारू सांडली तेवढं पुरे), आणि तिच्या जागी २० मागे घेतलंत. आमची गोळी व्हीएलडी नव्हतीच, साधी टँजंट ओजाइव्हची, म्हणजे सौम्य वळणाची. ती जंपच्या (गोळी ते लँड्स या अंतराच्या) बाबतीत एवढी नखरेल नसते, हेही तुमचंच.

१०० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रूप, प्रत्येक पायरीला. २० वर ४० मिलिमीटरच्या आसपास, ४० वर थोडं बरं, ८० वर दोन्ही ग्रूप २२ च्या आत, १२० वर पुन्हा पसरलं. मी लगेच म्हणालो, "म्हणजे ८०!" तुम्ही म्हणालात, "आता ७० आणि ९० मारून बघ. दोन्हीकडे बिघडलं नाही, तरच ८० खरा." ७० ला तसंच राहिलं, ९० ला किंचित सैल. शेवटी ७५ वर थांबलो. तिथे काडतुसाची एकूण लांबी सामीच्या (काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या) २.८१० इंच मर्यादेच्या आत आली आणि मॅगझिन बिनतक्रार भरू लागलं. हा लाभ मी मागितलाही नव्हता.

परवा पुन्हा लँड्स मोजले. हजारभर गोळ्या झाल्या आहेत, थ्रोट झिजून लँड्स ६ थाऊ पुढे सरकलेत. माझा हात लगेच डायकडे गेला, तेवढंच अंतर भरून काढावं म्हणून. मग तुमचं ते बोट बाजूला करणं आठवलं. डायला हात न लावता आधी दोन ग्रूप मारले. २१ आणि २३ मिलिमीटर. डाय तशीच ठेवली.

एक राहिलंच. तुमचा कंपॅरेटरचा ३० कॅलिबरचा तुकडा गेल्या वर्षीपासून माझ्याकडेच आहे, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मी माझा नवा घेतलाय. एकच काडतूस दोन्हींवर मोजलं तर ४ थाऊंचा फरक येतो, तो वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. तुमचा तुकडा रविवारी आणतो.

तुमचा,
शेजारच्या बेंचवरचा