‘माहिती नाही’ या नोंदीलाही तक्त्यात जागा हवी

संपादक महोदय,

महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी शासकीय कर्मचारी आणि शिक्षक मोठ्या संख्येने एकाच दिवशी निवृत्त होतात आणि त्याच्या बातम्याही छापून येतात. या गर्दीमागचे कारण बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या मुलांच्या जन्माची नोंद घरी वा ग्रामपंचायतीत कोठेच नव्हती, त्यांना शाळेत दाखल करून घेताना गुरुजींनी जनरल रजिस्टरात १ जून ही तारीख लिहिली. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने वयाचा हिशेब त्या तारखेने सोपा होई. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी नियमानुसार आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे.

हा विषय आपल्याकडे थट्टेवारी नेला जातो, परंतु डेटाबेसवर काम करणाऱ्यास त्यातील नुकसान वेगळेच दिसते. तारीख चुकली एवढेच झाले नाही, तर खरोखर १ जूनला जन्मलेला माणूस आणि ज्याची तारीख अंदाजाने लिहिली गेली तो माणूस, यांच्यात केवळ त्या रजिस्टरावरून आज फरक करता येत नाही. रकाना रिकामा राहिला असता तर पुढे पुरावा मिळाल्यावर तो भरता आला असता. कल्पित तारखेने भरलेला रकाना मात्र कायम भरलेलाच दिसतो आणि त्याविषयी कोणाला शंकाही येत नाही.

गुरुजींपुढे दुसरा मार्ग नव्हता. आजच्या प्रणाली बांधणाऱ्यांपुढे तो आहे. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती परस्परांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याची, संकल्पना मांडली आणि त्या पायावर उभ्या राहिलेल्या, डेटाबेसकडे माहिती मागण्याच्या एसक्यूएल भाषेत अनुपलब्ध माहितीसाठी ‘नल’ ही खूण आली. पुढे कॉड यांनी असेही सुचवले, की माहिती लागू आहे पण हाती नाही, ही एक स्थिती, आणि माहिती लागूच होत नाही, ही दुसरी. या दोहोंसाठी वेगवेगळ्या खुणा असाव्यात. एसक्यूएलने ती सूचना घेतली नाही. क्रिस डेट यांच्यासारख्या जाणकारांचा तर नललाच विरोध आहे. अभ्यासकांचा हा वाद चालू राहील. तोवर हा भेद सांभाळण्याची जबाबदारी तक्त्याची रचना करणाऱ्यावरच येते.

ती टाळली जाते, हे आपल्या ऑनलाइन अर्जांकडे पाहिले की कळते. जवळजवळ प्रत्येक रकान्यापुढे लाल तारका असते आणि तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मग अर्ज भरून देणारा केंद्रचालक मोबाइल क्रमांकाच्या जागी दहा वेळा ९ दाबतो, वडिलांचे नाव नसेल तेथे टिंब देतो आणि तारखेच्या जागी १ जानेवारी १९०० निवडतो. रकाना अनिवार्य केल्याने माहिती मिळत नाही, केवळ रिकामेपणा झाकला जातो. याउलट जनगणनेच्या वयोगटांच्या तक्त्यांत ‘वय न सांगितलेले’ असा स्वतंत्र गट छापतात, आणि आधारच्या नोंदणीत जन्मतारीख पुराव्याने सिद्ध आहे, केवळ सांगितलेली आहे की अंदाजे आहे, हे नोंदवण्याची सोय आहे. अशी सोय प्रत्येक तक्त्यात करणे अवघड नाही: तारखेसोबत तिचा आधार सांगणारा एक रकाना ठेवावा, आणि ज्या गोष्टी काहींनाच लागू होतात, जसे की दुसरा दूरध्वनी, अपंगत्वाचा दाखला किंवा वाहन परवाना, त्या मुख्य तक्त्यात न कोंबता वेगळ्या तक्त्यात ठेवाव्यात, म्हणजे जेथे लागू नाही तेथे ओळच नसेल.

तक्ता नीट केला तरी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिताना सावध राहावे लागतेच, कारण दोन तक्ते लेफ्ट जॉइनने (पहिल्या तक्त्यातील सर्व ओळी राखून) जोडले की जुळणी न झालेल्या ओळींत नल पुन्हा हजर होतो. एसक्यूएलमध्ये कोणत्याही तुलनेचे उत्तर खरे किंवा खोटे एवढेच नसते. नलशी तुलना केली की ‘अज्ञात’ हे तिसरे उत्तर येते, आणि ओळी निवडणारी ‘व्हेअर’ची अट केवळ ‘खरे’ उत्तर असलेल्या ओळीच पुढे जाऊ देते. याचा परिणाम असा, की ‘उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आहे’ असे अर्जदार मागितले आणि नंतर ‘अडीच लाखांहून अधिक आहे’ असे मागितले, तर ज्याचे उत्पन्न नोंदलेलेच नाही तो अर्जदार दोन्ही याद्यांत सापडत नाही. तो पात्र ठरत नाही आणि अपात्रही ठरत नाही. त्याला नकाराचे पत्र जात नाही, म्हणून दाद मागण्याची संधीही मिळत नाही.

याहून घातक सापळा ‘नॉट इन’चा, म्हणजे ‘या यादीत नाही’ अशा अटीचा आहे. अनुदान न मिळालेल्यांची यादी काढायची, म्हणून ‘ज्यांचा खातेक्रमांक वितरणाच्या तक्त्यात नाही’ अशी क्वेरी लिहिली, आणि वितरणाच्या तक्त्यात एका जरी ओळीत खातेक्रमांक नल असला, तर उत्तरात एकही नाव येत नाही. कोणताही क्रमांक त्या नलपेक्षा वेगळाच आहे असे खात्रीने सांगता येत नसल्यामुळे अट कोणासाठीच ‘खरी’ ठरत नाही. संगणक चूक दाखवत नाही, कोरी यादी देतो, आणि वरिष्ठांना अहवाल जातो की कोणीही वंचित नाही. तेथे ‘जुळणारी ओळच नाही’ हे तपासणारे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरले की हा सापळा टळतो.

पावसाच्या आकड्यांतही हीच गोष्ट आहे. समजा, एखाद्या मंडळातील केंद्रावर पाच दिवसांत १२, ०, ८ आणि २० मिलिमीटर अशा चारच नोंदी झाल्या आणि एके दिवशी यंत्र बंद होते. तो दिवस नल ठेवला तर तो हिशेबातून वगळला जाऊन सरासरी १० येते, शून्य मानला तर ८. बेरीज मात्र दोन्ही वेळा ४० येते आणि एका दिवसाची नोंदच नाही हे त्या ४० मधून कोणालाही कळत नाही. म्हणून बेरजेशेजारी किती दिवसांच्या नोंदी हाती आहेत तो आकडाही असला पाहिजे. ओळी मोजणाऱ्या ‘काउंट’मध्ये तारका न लिहिता रकान्याचे नाव लिहिले की तो लगेच मिळतो. ज्या आकड्यांवर पीकविमा आणि टंचाईचे निर्णय होतात, त्यांच्यासाठी एवढी तसदी फार नाही.

माझी विनंती मर्यादित आहे. शासकीय प्रणाली स्वीकारण्यापूर्वीच्या चाचणीत रिकाम्या रकान्यांच्या नोंदी मुद्दाम घालाव्यात आणि प्रत्येक अहवाल त्यांवर तपासावा. डेटाबेस बदलताना ही तपासणी नव्याने करावी, कारण ओरॅकल हा डेटाबेस रिकाम्या मजकुरालाच नल समजतो आणि पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तसे समजत नाही. तसेच लाभार्थ्यांच्या याद्या प्रसिद्ध करताना पात्र आणि अपात्र यांच्या जोडीला ‘माहितीअभावी निर्णय नाही’ हा तिसरा आकडा छापावा, म्हणजे तिन्हींची बेरीज आलेल्या एकूण अर्जांशी कोणत्याही नागरिकाला ताडून पाहता येईल.

आपला,
डेटाबेस क्षेत्रात काम करणारा एक वाचक, पुणे