इंग्रजीच्या तासाला मुलांनी बोलावे

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. तरीही, दहा वर्षे हा विषय शिकलेली आणि कर्मणी-कर्तरीचे प्रश्न बिनचूक सोडवणारी मुले, पाहुण्याने इंग्रजीत गावाचे नाव विचारताच मान खाली घालताना मी पाहिली आहेत. याचे खापर खेड्यातील घरांवर फोडणे मला पटत नाही. आमच्या विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, तमिळनाडू, केरळात जातात आणि व्याकरणाचे पुस्तक न उघडता तिथली भाषा बोलू लागतात, कारण बोलल्यावाचून त्यांचा व्यवहारच होत नाही. आमच्या इंग्रजीच्या तासाला मात्र न बोलताही सगळे सुरळीत पार पडते.

ही निकड वर्गात निर्माण करता येते. एकाने सांगलीचा हळद विक्रेता व्हावे, दुसऱ्याने परप्रांतीय खरेदीदार. एकाच्या चिठ्ठीवर कमीत कमी व दुसऱ्याच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त दर लिहिलेला असावा, आणि एकमेकांची चिठ्ठी न पाहता सौदा पटेपर्यंत दोघांनी इंग्रजीत घासाघीस करावी. मिरज जंक्शनच्या गाड्यांच्या वेळा एकाच्या हाती देऊन दुसऱ्याला प्रवासी करता येईल. बोलणे चालू असताना शिक्षकाने मध्ये तोडू नये. चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटी कोणाचे नाव न घेता फळ्यावर मांडाव्यात. (शेजारच्या वर्गाची गोंगाटाची तक्रार येणारच, ती मुख्याध्यापकांनी पोटात घालावी.)

मोठ्या वर्गात हे जमत नाही, असे सांगितले जाते. वास्तविक पन्नास मुलांना शिक्षकाने एकेक करून बोलते करायचे म्हटले, तर ३५ मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला ४२ सेकंद येतात. जोड्या केल्या, तर दहा मिनिटांतच प्रत्येकाला सुमारे पाच मिनिटे मिळतात.

खरी अडचण मूल्यमापनात आहे. दहावीच्या इंग्रजीत २० गुण तोंडी परीक्षेचे असतात. सेवेत असताना मीही कित्येकदा ते पाठ केलेल्या चार वाक्यांवर, कधी तर मुलाचा चेहरा पाहून दिले, हे कबूल करतो. ही परीक्षा जोडीने, ऐन वेळी दिलेल्या चिठ्ठीवर आणि शेजारच्या शाळेतील शिक्षकासमोर घेण्याचा प्रयोग सांगली जिल्ह्यातील काही शाळांत या वर्षीच करावा, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
विटा, जि. सांगली